जुनी युरोपीय लक्झरी गाडी घेताना: विश्वासार्हता, तपासणी आणि सांभाळण्याचा खर्च

पुण्या-मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात सात-आठ वर्षे वापरलेली मर्सिडीझ सी-क्लास, बीएमडब्ल्यू थ्री सिरीज किंवा ऑडी ए४ आज एखाद्या नव्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीच्या किमतीत मिळते. ज्या गाडीसाठी पहिल्या मालकाने पन्नास लाखांच्या आसपास मोजले, ती पंधरा-सोळा लाखांत दारात उभी राहणार असेल तर मन तिकडे ओढले जाणे स्वाभाविक आहे. मात्र टोकन देण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. वयाबरोबर किंमत उतरते ती फक्त गाडीची. तिच्या हेडलाइटची, इंजेक्टरची, टायरची आणि ती उघडून नीट जोडणाऱ्या कुशल मेकॅनिकच्या मजुरीची किंमत उतरत नाही. पंधरा लाखांना घेतलेली ही गाडी सांभाळावी लागते ती पन्नास लाखांची म्हणूनच. या लेखातील प्रत्येक सूचना या एका हिशेबातून आलेली आहे, आणि ज्यांना गाडी घेऊन किमान चार-पाच वर्षे वापरायची आहे त्यांच्यासाठी ती आहे.

खर्च नेमका कुठून येतो

या गाड्या मुळात नाजूक असतात, हा समज बरोबर नाही. जर्मनीत डिझेल ई-क्लास अनेक दशके टॅक्सी म्हणून धावत आली आहे आणि तिथे तीन लाख किलोमीटरचा आकडा कोणाला फारसा चकित करत नाही. फरक पडतो तो वापरात. शहरातल्या गर्दीत ताशी सरासरी २० किलोमीटरने चालणाऱ्या गाडीचे इंजिन १०,००० किलोमीटरसाठी ५०० तास सुरू राहते. मोकळ्या महामार्गावर ताशी १०० किलोमीटरने तेच अंतर १०० तासांत संपते. ओडोमीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात, पण इंजिन ऑइलने एका गाडीत पाचपट काम केलेले असते, तेही उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या हवेत, एसी चालू ठेवून आणि टर्बोची उष्णता सोसत. म्हणून भारतात कंपन्या साधारण १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी सर्व्हिसची मुदत देत असल्या, तरी शहरात वापरलेल्या जुन्या गाडीचे ऑइल आठ ते दहा हजार किलोमीटरवर बदललेले असणे माझ्या मते आवश्यक आहे. ज्या गाडीच्या नोंदींत हे दिसते, तिच्यासाठी लाखभर रुपये जास्त द्यायला हरकत नाही.

दुसरा मोठा घटक उष्णता आणि प्लॅस्टिक यांचा आहे. वजन कमी ठेवण्यासाठी या गाड्यांत थर्मोस्टॅटचे हाउसिंग, कूलंटची टाकी, होसपाइपचे जोड, इंजिनच्या वरचे कव्हर असे कितीतरी भाग प्लॅस्टिकचे असतात. ते दररोज तापतात आणि थंड होतात. आठ-दहा वर्षांत ते ठिसूळ होतात आणि एक दिवस भर रस्त्यात तडकतात. भाग स्वतः फार महाग नसतो, पण तो तडकल्यावर तापमानाचा इशारा दुर्लक्षून गाडी आणखी पाच किलोमीटर दामटली, तर सिलिंडर हेडपर्यंत काम जाते. त्यामुळे कूलिंगचे भाग बिघडण्याची वाट न पाहता वयावरून बदलणे शहाणपणाचे असते. याच कारणाने दहा वर्षांत जेमतेम पंचवीस हजार किलोमीटर चाललेली गाडी आपोआप उत्तम ठरत नाही. रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरी यांचे वय किलोमीटरने मोजले जात नाही.

तिसरा घटक म्हणजे आपले रस्ते. या गाड्यांच्या सस्पेन्शनमध्ये प्रत्येक चाकामागे अॅल्युमिनियमचे अनेक आर्म असतात आणि प्रत्येक आर्मला बुश (धक्का सोसणारा रबरी जोड) आणि बॉल जॉइंट (सगळीकडे फिरणारा सांधा) असतो. गाडी वळणावर जी स्थिर वाटते ती यामुळेच. पण खड्डे आणि बेहिशेबी स्पीडब्रेकर यांच्यावर हे बुश लवकर संपतात. अधिकृत सर्व्हिस सेंटर बहुधा पूर्ण आर्म बदलते, तर चांगला स्वतंत्र गॅरेजवाला शक्य तिथे फक्त बुश प्रेसने बसवून देतो आणि खर्च निम्म्याहून खाली येतो. कमी उंचीच्या साइडवॉलचे टायर खड्ड्यात फुगतात. रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) असतील तर ते आणखी महाग पडतात, आणि अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांत स्टेपनी नसतेच.

एअर सस्पेन्शन हा वेगळाच विषय आहे. एस-क्लास, जीएल आणि जीएलएस, रेंज रोव्हर, एअर सस्पेन्शनची क्यू७ अशा गाड्यांत स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेले रबरी बेलो असतात. रबराला बारीक चीर पडली की हवा हळूहळू गळते, ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर सतत चालतो आणि शेवटी तोही जळतो. म्हणजे एका दुर्लक्षित गळतीतून दोन मोठी बिले उभी राहतात. रात्री समपातळीवर उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली, तर व्यवहार थांबवावा किंवा तेवढे पैसे कमी करून घ्यावेत. पहिल्यांदाच लक्झरी गाडी घेणाऱ्याने साध्या स्टील स्प्रिंगचीच गाडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅनोरमिक सनरूफ, मसाज सीट, सॉफ्टक्लोज दरवाजे यांनाही हाच न्याय लागू आहे: जे गाडीत नाही ते बिघडत नाही.

बोधचिन्हापेक्षा इंजिन पाहा

“बीएमडब्ल्यू चांगली की मर्सिडीझ?” हा प्रश्न बहुतेक जण विचारतात, पण त्याचे उपयोगी उत्तर देता येत नाही. एकाच कंपनीचे एक इंजिन दोन लाख किलोमीटर बिनतक्रार चालते आणि त्याच्या आधीची पिढी लाखाच्या आत खिसा रिकामा करते. त्यामुळे जाहिरातीतल्या मॉडेलच्या नावावर न थांबता इंजिनचा कोड आणि निर्मितीचे वर्ष पाहावे.

बीएमडब्ल्यूच्या जुन्या ३२०डी, ५२०डी आणि पहिल्या पिढीच्या एक्स१ मध्ये एन४७ हे दोन लिटरचे डिझेल इंजिन होते. त्याची टायमिंग चेन (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवणारी साखळी) इंजिनच्या मागच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सकडे आहे. चेन आणि तिचे गाइड झिजण्याची तक्रार विशेषतः २००७ ते २०११ या काळातल्या इंजिनांत आढळली, आणि जागा अशी अडचणीची, की त्यापर्यंत पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स किंवा पूर्ण इंजिन उतरवावे लागते. चेनच्या किमतीपेक्षा मजुरी मोठी असते ती यामुळे. त्यानंतरचे बी४७ इंजिन अधिक भरवशाचे मानले जाते. २०१६ मध्ये भारतात आलेल्या सुधारित ३२०डीपासून ते मिळते. बीएमडब्ल्यूच्या अनेक डिझेल गाड्यांत ईजीआर कूलरमधून (इंजिनात परत सोडला जाणारा धूर थंड करणाऱ्या भागातून) कूलंट गळून आग लागण्याचा धोका होता, आणि २०१८ मध्ये दक्षिण कोरियात लागलेल्या आगींनंतर कंपनीने अनेक देशांत गाड्या परत बोलावल्या. म्हणून चासी नंबर देऊन त्या गाडीवर कोणता रिकॉल बाकी आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे. रिकॉलचे काम विनामूल्य होते. पेट्रोलमध्ये त्या काळातल्या ३२८आयमध्ये असलेल्या एन२० इंजिनात चेनचे प्लॅस्टिक गाइड तुटण्याचा दोष होता. त्याचे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकले तर इंजिनच जाते. ही गाडी घ्यायचीच असेल, तर चेन आणि गाइड बदलल्याचे बिल पाहूनच घ्यावी.

मर्सिडीझचा भारतातला कारभार १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पुण्यात आहे आणि २००९ पासून त्यांचा कारखाना चाकणला आहे. इथे जोडलेल्या सी-क्लास आणि ई-क्लास गाड्यांचे सुटे भाग आणि जाणकार कारागीर पुण्याच्या परिसरात तुलनेने सहज मिळतात. पूर्ण आयात केलेल्या एखाद्या कूपेचा दरवाजा किंवा बंपर मात्र महिनाभर वाट पाहायला लावू शकतो. बाजारात सर्वाधिक दिसणारे २,१४३ सीसीचे ओएम६५१ हे डिझेल दणकट आहे, आवाजाला मात्र थोडे खरखरीत आहे. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या पिएझो इंजेक्टरांत (इंधन फवारणाऱ्या भागांत) दोष होता आणि कंपनीने ते मोठ्या संख्येने बदलून दिले; त्यामुळे २००९ ते २०११ मधल्या गाडीत ते बदलल्याची नोंद शोधावी. सप्टेंबर २०१८ मध्ये भारतात आलेल्या सुधारित सी२२०डीमधले ओएम६५४ हे इंजिन शांत, हलके आणि नव्या विचाराचे आहे. बजेट परवडत असेल तर मी तेच सुचवीन. सहा सिलिंडरचे ओएम६४२ चालवायला सुंदर आहे, पण त्याचा ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन ओळींच्या मधल्या खोबणीत बसतो. सील काही रुपयांचे, आणि ते बदलण्यासाठी वरचे निम्मे इंजिन मोकळे करावे लागते.

ऑडीच्या २०१२ च्या आगेमागे विकल्या गेलेल्या १.८ आणि २.० टीएफएसआय (ऑडीचे टर्बो पेट्रोल) गाड्यांतले ईए८८८ इंजिनाचे दुसऱ्या पिढीचे रूप ऑइल पिण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. पिस्टनच्या रिंग अपुऱ्या पडतात, ऑइल जळते, आणि उपाय म्हणून पिस्टन बदलावे लागतात. चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचीही तक्रार याच पिढीत आहे. मालकाला सरळ विचारावे की दोन सर्व्हिसच्या मध्ये किती लिटर ऑइल वरून घालावे लागते. डिकीत ऑइलचा अर्धा डबा सापडला तर उत्तर मिळालेच. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या नव्या ए४ मधले १.४ टीएफएसआय या बाबतीत खूपच सुखाचे आहे. पेट्रोल ए३ मध्ये कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) आहे, आणि गर्दीत रेंगाळणाऱ्या वापरात त्याचे क्लच आणि मेकाट्रॉनिक (गिअर बदलण्याचे नियंत्रण करणारे) युनिट लवकर दमतात. एप्रिल २०२० पासून ऑडीने भारतात डिझेल गाड्या थांबवल्या, म्हणून ऑडीचे डिझेल घेणाऱ्याच्या हाती बीएस४ (जुन्या प्रदूषण मानकाची) किंवा त्याआधीचीच गाडी येते.

जॅग्वार आणि लँड रोव्हर यांचे आकर्षण मोठे आहे आणि त्या पुण्यातच जोडल्या जातात, पण या लेखातल्या सर्व नावांत देखभालीसाठी सर्वाधिक राखीव रक्कम त्यांनाच लागते. व्होल्वो शांतपणे चालते. फक्त आपल्या शहरात तिचे काम करणारा कोणी आहे का, हे आधी पाहावे.

इंधनाबद्दल दोन गोष्टी. बीएस६ डिझेलमध्ये धूर गाळणारा डीपीएफ असतो आणि त्यातली काजळी जाळून टाकण्यासाठी इंजिनला अधूनमधून पंधरा-वीस मिनिटे सलग वेगात चालावे लागते. दर आठवड्याला द्रुतगती मार्गावरून पुणे-मुंबई करणाऱ्याला याची जाणीवही होत नाही, पण घर ते ऑफिस सहा किलोमीटर जाणाऱ्याने डिझेलच्या वाटेला जाऊ नये. पेट्रोल घेणाऱ्याने इंधनाच्या झाकणाच्या आतले स्टिकर आणि मॅन्युअल वाचावे. पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते, आणि जुन्या युरोपीय गाड्यांत बहुधा १० टक्क्यांपर्यंतच मुभा दिलेली असते. अशा गाडीचे इंधनाचे पाइप, सील आणि पंप तपासणीत बारकाईने पाहायला हवेत.

तपासणी: थंड इंजिनापासून सुरुवात

गाडी पाहायला सकाळी लवकर जावे आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नये असे विक्रेत्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे. पोहोचल्यावर आधी बॉनेटवर आणि मग बॉनेट उघडून इंजिनच्या कव्हरवर हात ठेवून पाहावा. ते कोमट असेल तर गाडी तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवलेली आहे, आणि थंड इंजिनाने जे सांगितले असते ते आता कळणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.

इंजिन खरोखर थंड असेल तर सोबतच्या माणसाला चालकाच्या जागी बसवून स्वतः पुढच्या काचेच्या बाजूला, इंजिनच्या मागच्या टोकाशी कान देऊन उभे राहावे. गाडी सुरू होताच पहिले दोन-तीन सेकंद महत्त्वाचे असतात. सायकलची सैल साखळी गार्डवर घासावी तसा खडखडाट आला आणि ऑइलचा दाब वाढल्यावर विरला, तर टेन्शनर किंवा चेन संपत आलेली आहे. डिझेलची नेहमीची टकटक एकसारखी आणि पुढून येते; चेनचा आवाज खरखरीत असतो आणि इंजिनच्या एकाच टोकाशी स्पष्ट होतो. त्याच वेळी मागे सायलेन्सरकडे कोणाला तरी उभे करावे. क्षणभराची वाफ चालते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, आणि न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट इंजिनमध्ये शिरते आहे. ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या सायीसारखा थर दिसला तरी अर्थ तोच निघू शकतो. अनेक नव्या बीएमडब्ल्यू गाड्यांत ऑइलची डिपस्टिक नसते. पातळी पडद्यावर पाहावी लागते आणि त्यासाठी इंजिन गरम असावे लागते, म्हणून ते काम फेरीनंतर करावे.

फेरीत गर्दीचा रस्ता, एखादा चढ आणि थोडा खराब पट्टा असावा. ब्रेक धरून पार्किंगवरून रिव्हर्स आणि मग ड्राइव्ह टाकताना धक्का किंवा विलंब जाणवतो का, चढावर पायी चालण्याच्या वेगाने जाताना गाडी थरथरते का, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरच्या बदलात हिसका बसतो का, हे पाहावे. बीएमडब्ल्यूसह अनेक गाड्यांत येणाऱ्या झेडएफच्या आठ गिअरच्या गिअरबॉक्समधले ऑइल ‘आयुष्यभराचे’ असल्याचे विक्रेते सांगतात, पण ते बनवणाऱ्या झेडएफनेच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलावे असे म्हटले आहे. त्याचा फिल्टर प्लॅस्टिकच्या सम्पमध्येच (तळाच्या ऑइलच्या भांड्यातच) बसवलेला असल्याने पूर्ण सम्प बदलावा लागतो. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत हे काम झालेले नसेल, तर तो खर्च किमतीतून वजा करून मागावा.

यानंतर गाडी एखाद्या स्वतंत्र गॅरेजमध्ये, विक्रेत्याने सुचवलेल्या नव्हे तर आपण निवडलेल्या ठिकाणी, लिफ्टवर चढवून स्कॅन करून घ्यावी. एरर कोड वाचणाऱ्या साध्या ओबीडी यंत्रावर समाधान मानू नये. बीएमडब्ल्यूसाठी इस्टा, मर्सिडीझसाठी झेंट्री आणि ऑडीसाठी ओडिस या कंपनीच्या प्रणाली किंवा त्यांच्या तोडीचे साधन ज्याच्याकडे आहे, असाच माणूस शोधावा. कारण प्रत्येक इंजेक्टरसाठी संगणक करत असलेल्या समायोजनाचे आकडे, डीपीएफमधली काजळी आणि गिअरबॉक्सने वापरातून शिकलेली मूल्ये तिथेच दिसतात. एरर कोड एकही नाही हे ऐकून लगेच खूश होऊ नये. कोड पुसून किती किलोमीटर झाले आणि उत्सर्जनाच्या स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत का, हेही विचारावे. कालच पुसलेले असतील तर कारण हवे. ओडोमीटर मागे फिरवण्याचे प्रकार या वर्गातही होतात. किलोमीटरची नोंद डॅशबोर्डखेरीज इतर मॉड्यूलमध्येही राहते, आणि बऱ्याच बीएमडब्ल्यू गाड्यांत ती किल्लीतही साठवलेली असते. या सगळ्या नोंदी आणि सर्व्हिसची बिले एकमेकांशी जुळायला हवीत. एवढ्या तपासणीला काही हजार रुपये लागतात, आणि संपूर्ण व्यवहारात याहून चांगल्या कामी लागलेले पैसे मला ठाऊक नाहीत.

पाण्यात गेलेली गाडी ओळखणे हा तपासणीचा वेगळा भाग मानावा. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली; अशा प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्यांनी निकालात काढलेल्या गाड्या स्वच्छ होऊन दुसऱ्या शहरांतल्या बाजारात येतात. युरोपीय गाडीत हे विशेष घातक ठरते, कारण तिची इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बऱ्याचदा गालिच्याखाली, सीटखाली किंवा डिकीच्या खोलगट भागात असतात, आणि त्यांच्या जोडांवरचा हिरवट गंज सहा-आठ महिन्यांनी रंग दाखवतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या टोकाला मातीची रेघ आहे का पाहावे. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आहेत का, डिकीतला गालिचा उचलल्यावर खाली गाळ किंवा ओल आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची पुसट रेषा आहे का, हे बघावे. आतून सुगंधी फवाऱ्याचा दर्प येत असेल तर दारे बंद करून पाच मिनिटे बसावे आणि त्याखालचा वास शोधावा.

कागदपत्रे आणि विमा

आरसीवरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीशी स्वतः जुळवून पाहावा. कर्ज फिटले असले तरी आरसीवरचा बोजा उतरवलेला नसतो, असे वारंवार घडते. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हस्तांतरासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, दुसऱ्या राज्यातल्या गाडीसाठी फॉर्म २८ ची एनओसीही लागते. लक्झरी गाड्या बऱ्याचदा कंपनीच्या नावे असतात. तिथे कंपनीचा ठराव, अधिकृत व्यक्तीची सही आणि विक्रीचे इन्व्हॉइस मागून घ्यावे.

दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह अनेकांना होतो. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निर्णयाने तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदी आली, आणि त्या वयाजवळ पोहोचलेल्या गाड्या पडत्या भावात बाहेरच्या राज्यांत जाऊ लागल्या. भाव पाहण्यापूर्वी महाराष्ट्रात भरावा लागणारा रस्ता कर आरटीओत विचारून घ्यावा. तो गाडीच्या मूळ किमतीला धरून, वयाची सूट देऊन आकारला जातो, आणि महागड्या गाडीला ही रक्कम लाखांत जाऊ शकते. एजंट सांगतो तो आकडा अंतिम मानू नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या मोठ्या गाड्यांवरचा एकूण कर ४८-५० टक्क्यांच्या आसपासवरून ४० टक्क्यांवर आला आणि सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचाही भाव उतरायला हवा. त्याआधीच्या जाहिराती दाखवून कोणी किंमत टिकवू पाहत असेल तर हे शांतपणे सांगावे.

विमा नावावर करून घेण्यासाठी चौदा दिवसांची मुदत असते. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही. झीरो डेप्रिसिएशनचे (भागांवर घसारा न कापणारे) कव्हर जुन्या गाड्यांना अनेक कंपन्या देत नाहीत आणि त्याचा फटका या वर्गात मोठा असतो. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि बंपर, ग्रिल, हेडलाइटची बॉडी हे सगळे प्लॅस्टिकचेच असते. गाडी पसंत करण्यापूर्वीच तिच्या नंबरवर विम्याचे दर काढावेत. झीरो डेप देणारी कंपनी मिळाली तर ती सोडू नये. पाणी शिरून इंजिन बिघडण्यासाठी वेगळे इंजिन प्रोटेक्शन कव्हर असते, तेही घ्यावे.

पैशांची आखणी

पुढचे आकडे चारचौघांत धरले जाणारे ढोबळ अंदाज आहेत; मॉडेल आणि शहर बदलले की ते बदलतात. डिझेल सी-क्लास किंवा थ्री सिरीजची वर्षाची नेहमीची सर्व्हिस स्वतंत्र गॅरेजमध्ये पंधरा ते तीस हजारांत होते, अधिकृत ठिकाणी ती साधारण दुप्पट धरावी. चार रनफ्लॅट टायर ऐंशी हजार ते सव्वा लाख. गिअरबॉक्सचे ऑइल आणि सम्प तीस ते पन्नास हजार. एजीएम बॅटरी पंचवीस हजारांपासून पुढे, आणि बीएमडब्ल्यूत ती बदलल्यावर गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते, नाहीतर चार्जिंग चुकीचे होते. मागच्या बाजूच्या टायमिंग चेनचे काम दीड-दोन लाखांच्या घरात जाते. नव्या एलईडी हेडलाइटची पूर्ण असेंब्ली एका बाजूलाच लाखाच्या वर जाऊ शकते.

त्यामुळे हातात अठरा लाख असतील तर गाडी चौदा-पंधरापर्यंतची घ्यावी आणि उरलेले पहिल्या वर्षासाठी वेगळ्या खात्यात ठेवावेत. ही रक्कम ठेवणे शक्य नसेल, तर कर्जाचा हप्ता परवडतो म्हणून ही गाडी घेऊ नये. हप्ता दर महिन्याला ठरलेला येतो, बिघाड मात्र तारीख सांगून येत नाही. पहिले वर्ष सरले, मागच्या मालकाने टाळलेली कामे उरकली, की पुढे वर्षाला विमा आणि सर्व्हिस धरून एक ते दीड लाखांत बहुतेक चांगल्या गाड्या सांभाळता येतात.

खर्च आटोक्यात ठेवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे भाग कोणी बनवला हे ओळखणे. गाडीच्या कंपनीचा शिक्का असलेल्या डब्यातला इंजेक्टर बऱ्याचदा बॉशचा असतो, कंट्रोल आर्म लेमफर्डरचा, फिल्टर मान किंवा महलेचा, शॉक अॅब्सॉर्बर सॅक्सचा. तोच भाग त्याच्या निर्मात्याच्या डब्यात बराच कमी किमतीत मिळतो. गॅरेजवाल्याला चासी नंबरवरून भागाचा क्रमांक काढायला सांगावे आणि बिलावर क्रमांक व निर्मात्याचे नाव लिहून घ्यावे. ब्रेक पॅड, बुश, फिल्टर, वॉटर पंप यांत हा मार्ग निर्धास्तपणे स्वीकारावा; एअरबॅग आणि सुरक्षेच्या मॉड्यूलमध्ये कंपनीचाच भाग घ्यावा, आणि रिकॉलचे किंवा कोडिंगचे (नवा भाग गाडीच्या संगणकात नोंदवण्याचे) काम असेल तेव्हा अधिकृत सेंटरमध्येच जावे.

कंपन्यांच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या योजना आहेत. तिथली गाडी महाग असते, पण तपासलेली आणि वॉरंटीसह मिळते. वॉरंटीची कागदपत्रे मात्र ओळ न ओळ वाचावीत, कारण बुश, ब्रेक, क्लच, बॅटरी यांसारखे झिजणारे भाग त्यातून वगळलेले असतात, आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत मोठा खर्च नेमका त्यांच्यावरच होतो.

घेतल्यानंतरचा पहिला महिना

नोंदी कितीही चांगल्या असल्या तरी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर लगेच बदलावेत; ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर तेही. ऑइल महागडे आहे एवढे पाहून भागत नाही. डब्यावर त्या इंजिनसाठी कंपनीने दिलेली मान्यता, म्हणजे मर्सिडीझसाठी एमबी २२९.५२ किंवा बीएमडब्ल्यूसाठी लाँगलाइफ-०४ यांसारखा क्रमांक छापलेला असावा, आणि कोणता क्रमांक लागतो हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. कूलंटचे होस, टाकी आणि थर्मोस्टॅट पाहून संशयास्पद भाग एकदमच बदलून घ्यावेत, कारण मजुरी एकदाच पडते. टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. सहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही खोल असली तरी काढावेत. पावसाळ्यापूर्वी सनरूफच्या आणि काचेखालच्या पाण्याच्या नळ्या साफ करून घ्याव्यात. त्या पानांनी तुंबल्या की पाणी थेट गालिच्याखालच्या मॉड्यूलमध्ये उतरते.

साचलेल्या पाण्यातून या गाड्या नेऊ नयेत. अनेकींचा हवा ओढण्याचा मार्ग ग्रिलच्या मागे खाली असतो आणि इंजिनने एक घोट पाणी घेतले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नये. दार उघडून बाहेर पडावे, टोइंग बोलवावे आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवावे, कारण बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केल्याने झालेले नुकसान इंजिन प्रोटेक्शन असूनही नाकारले जाऊ शकते.